एका घरात दोन स्वयंपाक

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. गॅसच्या एका शेगडीवर चौघांचं नेहमीचं, दुसरीवर यांचं वेगळं. थेंबभर तेलातला दुधी, पातळ मुगाचं वरण, बटाटा नाही, भात नाही. यांची उपाशीपोटीची साखर 118 निघाली होती आणि तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी 6.1. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून समजावलं होतं. उपाशीपोटी 100 ते 125, किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. अजून पाऊल आत पडलेलं नाही. गोळी नको, रोज अर्धा तास चाला, पाच-सहा किलो वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे एवढंच म्हणाले, "अण्णांना साठीत लागली होती. मला सेहेचाळीसलाच."

त्या रात्री मला झोप आली नाही. मोबाईलवर वाचत बसले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली आलेल्या पाहणीत देशातले मधुमेही 10 कोटींच्या वर निघाले आणि उंबरठ्यावरचे 13 कोटींच्या वर. वाचून धीर येण्याऐवजी छातीत धडधड वाढली. मग चेन्नईतला एक अभ्यास सापडला, 2006 साली छापून आलेला. उंबरठ्यावरच्या ज्या लोकांनी खाणं सुधारलं आणि चालणं धरलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण अडीच-तीन वर्षांत सुमारे 28 टक्क्यांनी घटलं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांतही जवळपास तेवढंच घटलं होतं. परदेशातली नाही, आपल्यासारखीच भात-वरण खाणारी माणसं ती. मी उठून पाणी प्यायले आणि ठरवलं, आता यांना मी बरं करणार.

हे लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब बघतात. सकाळी दहाला गादीवर बसले की रात्री आठला उठायचं. ऑक्टोबरात सोयाबीन सुरू झालं आणि जानेवारीत तूर आली की रविवारही जातो. पोती उचलणारे हमाल दिवसभर हलत असतात, सौदे लिहिणारा दिवसभर बसलेला असतो. जायचं-यायचं मोटारसायकलवर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शाळा 22 किलोमीटरवर, स्कुटीवर जाते. लेक अकरावीला, नीटची तयारी. धाकटा सहावीत. आणि आत्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं वय पंचाहत्तरच्या आसपास, नेमकं त्यांनाही माहीत नाही.

माझी पहाट पाचला उजाडते. नळाला पाणी यायचा दिवस असला तर साडेचारला. तीन डबे, आत्यांचा नाष्टा, आणि आता त्यात यांचा वेगळा चौथा डबा. बिनसाखरेची बिस्किटं आणली, कारल्याचा रस काढला, पायात घालायला बूट आणले, हातात बांधायला पावलं मोजणारं घड्याळ आणलं. पहिला आठवडा हे पहाटे उठून चालले. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस. तिसऱ्यात पाऊस लागला. घड्याळ दिवसाची 10,000 पावलं मागायचं आणि हे रात्री दहाला 3,200 चा आकडा बघून गप्प बसायचे. सहाव्या आठवड्यात घड्याळ कपाटाच्या खणात गेलं.

तेव्हा मला राग यायचा. यांच्यासाठी एवढं करतेय आणि यांना किंमत नाही, असं वाटायचं. पण यांच्या ताटाकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. पोरांच्या ताटात गरम पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. यांच्या ताटात दुधी. हे मान खाली घालून जेवत होते. दवाखान्यात पेशंट जेवतो तसं. आत्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाल्या,

"एकाच्या ताटात पथ्य आन् चौघांच्या ताटात सण, आसं कुटं आसतंय का गं? त्याला घरात ठिवून तू त्याला येगळं काढलालीस."

मी काही बोलले नाही. पण ते वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. खरंच, जे खाणं यांच्यासाठी चांगलं, ते पोरांसाठी वाईट कसं असेल? आणि जे यांना चालत नाही, ते वाढत्या वयाच्या लेकीला मी प्रेमानं का वाढतेय? आजारी पडलेल्याने एकट्याने सुधारायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडं लक्ष ठेवायचं, ही रीत मी घरात आणली होती. आपल्याकडं बहुतेक घरांत हीच असते. रिपोर्ट ज्याचा, चूक त्याची.

दुसऱ्या दिवसापासून दुसरी शेगडी बंद केली.

*

एक स्वयंपाक करायचा म्हटलं की आधी काय शिजवायचं हे ठरवावं लागतं, आणि तिथं मला आमच्या घरातून हळूहळू निघून गेलेली भाकरी आठवली. आत्यांच्या हातची भाकरी मी लग्नानंतर दहा वर्षं खाल्ली. मग त्यांचे गुडघे गेले, माझी नोकरी लागली, आणि सकाळच्या घाईत पोळी सोपी पडायला लागली. कणीक रात्री मळून ठेवता येते. ज्वारीचं पीठ तसं राहत नाही, एकेका भाकरीला तेवढंच घेऊन, गरम पाण्यात मळून लगेच थापावं लागतं. शेतातही तेच झालं. दिरांच्या रानात पूर्वी ज्वारी असायची, आता खरिपात सगळं सोयाबीन. आमच्या भागात कुठंही जा, हेच चित्र. हातात रोख पैसा देणारं पीक आलं आणि घरात खायचं पीक विकत आणायची वेळ आली.

आम्ही मालदांडी ज्वारी आणली. रात्रीच्या जेवणाला भाकरी ठरली. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण हल्ली ज्वारीबद्दल फार मोठमोठं बोललं जातं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून तर ज्वारी म्हणजे औषध असंच लोक सांगतात. ज्वारी औषध नाही. तिच्यातही पिष्टच आहे, तिचीही पोटात साखरच होते. तिच्यात चोथा भरपूर, पोट भरल्यासारखं वाटतं आणि ती चावून खावी लागते, म्हणून ती पोटात कमी जाते. हे पूर्वी चार पोळ्या खायचे, आता दोन भाकरी. सोबत वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ, आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. भात बंद केला नाही, वाटीवर आणला. सगळ्यांचाच.

तेलाचा हिशेब मी पहिल्यांदाच मांडला. पाच माणसांना महिन्याला सहा लिटर तेल जात होतं. आता चार जातं. मिठाचं जरा अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि आमच्याकडं ठेचा, लोणचं, पापड यांतच तेवढं संपतं. ठेचा सोडणं आमच्याच्यानं झालं नाही. पापड मात्र सणापुरते राहिले.

आणि खरी गोम दुधीत नव्हतीच. ती लेकीनं शोधली. एका रविवारी तिनं यांना विचारलं, "पप्पा, यार्डात दिवसाला किती चहा होतात?" हे म्हणाले, सात-आठ. साखर किती? दोन चमचे. तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सोळा चमचे, चमच्याला चार ग्रॅम धरले तरी 64 ग्रॅम. वरून घालायची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर बरं, असं आरोग्य संघटना म्हणते. हे त्या कागदाकडं बघत राहिले. मी तीन महिने दुधीच्या तेलाचे थेंब मोजत होते आणि साखर आडतीवरच्या कपातून येत होती. कुणी पाहुणा आला, चहा. शेतकरी माल घेऊन आला, चहा. नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. हे आता तीन घेतात, अर्धा चमचा साखरेचे. बाकीच्या वेळी चहावाला पोरगा आला की ताकाचा ग्लास घेतात. यार्डातले आणखी दोघं-तिघं आता त्यांच्यासोबत ताक घेतात म्हणे.

*

चालण्याचं मात्र काही जमेना. अर्धा तास, तोही रोज, कुठून आणायचा? मग वाचताना दोन गोष्टी हाती लागल्या आणि त्यांनी मला मोकळं केलं.

पहिली त्या 10,000 पावलांची. तो आकडा कोण्या डॉक्टरने शोधलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं यंत्र असा होता. तिथून तो आकडा जगभर पसरला. पुढं वयस्कर बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 2019 च्या, असं दिसलं की दिवसाला साधारण 4,400 पावलांपासूनच फायदा दिसायला लागतो आणि 7,500 च्या पुढं तो फारसा वाढत नाही. हे ऐकून यांनी खणातलं घड्याळ बाहेर काढलं आणि 10,000 च्या जागी 5,000 लावलं.

दुसरी गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमधली. मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारं काही करावं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आधीच्या सूचनांत एक अट होती, ती हालचाल सलग दहा मिनिटांची तरी हवी. 2020 ला ती अट काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटांचंही चालणं मोजायचं. जिना चढणं मोजायचं. सकाळपासून तुकड्या-तुकड्यात गेलेल्या दिवसात जेवढे तुकडे हाती लागतील तेवढे आपले.

माझ्यासारख्या बाईसाठी हे फार मोठं आहे. मला सलग अर्धा तास कधीच मिळत नाही. तुकडे मिळतात.

आणि तुकड्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, शतपावली. जेवण झालं की शंभर पावलं. शब्द घरोघर माहीत, चालणारं कुणी नाही. जेवणानंतर रक्तातली साखर साधारण तासा-दीड तासात सगळ्यांत वर जाते. त्या वेळात मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हलत असले की ते ती साखर ओढून घेतात, आणि हलत्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. यांच्यासारख्या माणसाला, ज्याच्या शरीरात इन्शुलिनचं ऐकलं जाणं कमी झालंय, त्याला जेवणानंतरची पंधरा मिनिटं कामाला येतात ती यामुळं.

पण शतपावलीसाठी जेवण वेळेवर हवं. आम्ही पावणेदहाला जेवायचो, कारण मी एकटी स्वयंपाक करायचे आणि हे आल्यावर गरम वाढायचं. इथं घरातल्या कामाची वाटणी बदलल्याशिवाय पुढचं पाऊल पडणार नव्हतं. हे बोलायला मला दोन दिवस लागले. भांडण झालं नाही, पण मी स्पष्ट म्हणाले, "मी चालावं असं वाटत असेल तर भाजी कुणीतरी चिरली पाहिजे." आता लेक क्लासहून येताना भाजी आणते, आत्या बसून निवडतात, चिरतात, धाकटा ताटं-पाणी घेतो. हे आठला येतात, सव्वाआठला आम्ही जेवतो आणि भांडी हे घासतात. पहिल्या दिवशी आत्यांनी तोंड फिरवलं होतं. आता काही म्हणत नाहीत.

पावणेनऊला पाचही जणं गल्लीत. बूट घालून, साडीवर. पहिले काही दिवस शेजारच्या गॅलऱ्यांतून डोळे लागायचे. सून साडीवर बूट घालून नवऱ्यासोबत चाललीय आणि सासू मागून काठी टेकत. मला लाज वाटली, हे खरं. पण पंधरा दिवसांनी समोरच्या काकू खाली उतरल्या. आता सात-आठ बायका असतो.

*

आत्या गल्लीतल्या दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत येतात आणि वळतात. त्यापुढं नाही.

त्यांच्या गुडघ्यांकडं बघताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. आपण लिहिताना-बोलताना सहज म्हणतो की पूर्वीच्या बायका कष्टाच्या, म्हणून निरोगी. मी हे आत्यांसमोर एकदा म्हणाले. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं. पहाटे चारला जात्यावर पायलीभर दळण, त्यावर ओव्या, मग आडाला पाणी नसलं की मैलभर लांबच्या विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेत. मग खुरपणी. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तुमी चालून बऱ्या व्हायलाव, आमी चालून झिजलाव."

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण मी ते स्वतः अनुभवलं होतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी टँकरवरून बादल्या भरून दोन जिने चढवल्या, रोज. आजच्या भाषेत वजन उचलण्याचा व्यायामच तो. त्यानं माझी ताकद वाढली नाही. कंबर धरली आणि पुढचे चार महिने मी वाकू शकत नव्हते. ओझं आपण निवडलेलं नव्हतं, एकाच बाजूला होतं, मध्ये विसावा नव्हता आणि पोटात पुरेसं अन्न नव्हतं. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. ज्यांनी घागरी वाहिल्या त्यांच्या झिजलेल्या सांध्यांना आपण आरोग्य म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. आत्यांना आता फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे धरायचा, खाली घ्यायचा. दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा. धाकटा आकडे मोजतो.

आणि हे सगळं चाललेलं असताना माझा रिपोर्ट कुणीच काढलेला नव्हता. मीही नाही.

ऑगस्टमध्ये शाळेत तपासणीचं शिबिर आलं, मुलींसोबत आम्हा शिक्षिकांचंही रक्त घेतलं. माझं हिमोग्लोबिन 9.4. बाईचं 12 च्या वर हवं. मला जिना चढताना दम लागायचा, दुपारी डोळ्यांसमोर अंधारी यायची, पण मी ते वय आणि दगदग यांच्यावर ढकलत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019 ते 21 ची, सांगते की देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या रक्तात हेच आहे. निम्म्याहून जास्त. म्हणजे मी ज्या शिक्षिकांच्या खोलीत बसते, तिथल्या प्रत्येक दोघींपैकी एकीचं.

मी विचार करत बसले, हे कसं झालं. उत्तर साधं होतं. आत्या शेवटी जेवायच्या, मी त्यांच्याकडून तेच शिकले. सगळ्यांना वाढून झाल्यावर भाजी तळाशी राहायची, वरण पातळ झालेलं असायचं, मी चटणीशी दोन पोळ्या खायचे आणि वर लगेच चहा प्यायचे. जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. लिंबू, पेरू, आवळा यांनी ते जास्त शोषलं जातं. आता मी लोहाच्या गोळ्या घेतेच, पण चहा जेवणानंतर तासाभराने, आणि ताटात लिंबाची फोड. करडईची भाजी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, घोळ, या आमच्याकडच्या भाज्या मंडईत हंगामात स्वस्त मिळतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेलं परभणी शक्ती नावाचं ज्वारीचं वाण काढलंय. दिरांना म्हणालेय, येत्या खरिपात माझ्यासाठी दोन ओळी तरी पेरा.

आणि मी आता सगळ्यांसोबत जेवते. हे लिहायला किती छोटं वाटतं. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन बसले तेव्हा हात अवघडला होता. सारखं वाटत होतं, कुणाला काही हवं असेल. हे म्हणाले, "बस. ज्याला लागंल त्यो घिईल."

*

लेकीबद्दल लिहायचं म्हटलं की माझं मन दोन्हीकडं ओढतं. लातूरमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नीटचे 720 गुण, 180 प्रश्न, आणि त्यासाठी दोन वर्षं खुर्चीत. नववीपर्यंत ती खो-खो खेळायची, शाळेच्या संघात होती. दहावीला मीच तिचं खेळणं बंद केलं. आजही मला ते लागतं. पाच ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी आणि तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप. ती सहा तास झोपायची आणि दिवसभरात जास्तीत जास्त जेवणाच्या टेबलापर्यंत चालायची. मानेचं दुखणं, डोळ्यांची जळजळ, महिन्याच्या पाळीत ओढ, हे सगळं आम्ही अभ्यासाच्या खात्यात टाकलं होतं.

तिच्याशी बोलायला बसले तेव्हा ती रडली. "मम्मी, बाकीच्या पोरी रात्री एकपर्यंत बसतात. मी अकराला झोपले तर मागं पडीन." मी तिला शब्द दिला नाही की तुला कमी गुण मिळणार नाहीत. असा शब्द कुठली आई देऊ शकते? मी एवढंच म्हणाले, महिनाभर करून बघू, सराव परीक्षेचे गुण पडले तर पुन्हा तुझ्या मनासारखं. रिक्षा बंद केली, क्लासला ती पायी जाते-येते, एकेरी वीस मिनिटं. पन्नास मिनिटं अभ्यास झाला की गच्चीवर जाऊन दोरीवरच्या उड्या, पाच मिनिटं. अकराला दिवा बंद. महिन्यानंतर गुण पडले नाहीत. वाढलेही नाहीत, पण ती दुपारी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची ते थांबलं. पुढच्या महिन्यात तिनं मला विचारलंच नाही, तसंच चालू ठेवलं. धाकट्याचं एवढं अवघड गेलं नाही. त्याला मोबाईल काढून घेण्यापेक्षा गल्लीत चार पोरं गोळा करून देणं पुरलं.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस. लातूर-धाराशिव भागातलं त्या दिवशीचं शहर ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल, दुकानं बंद, रस्ते ओस, सगळे रानात. दिरांच्या रानात कडब्याची कोप उभी केली होती. आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा यांचे हिरवे दाणे, मेथी, पात, सगळं बेसनात शिजलेलं. यांच्या ताटात काय वाढावं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडलाच नाही. जे सगळ्यांना, ते यांना. मला एकदम लक्षात आलं की ही थाळी आमचीच, कुणी पथ्य म्हणून लिहून दिलेली नाही, आणि डाळी-भाज्यांनी एवढी भरलेली आहे. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून ती रानाभोवती फिरवतात. दरवर्षी ते काम पुतण्याचं. या वर्षी यांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि धाकट्यासोबत बांधावरून पळत पूर्ण फेरी मारून आले. छाती भात्यासारखी हलत होती, पण उभे होते, हसत होते.

जानेवारीत एचबीएवनसी 5.8 आली. अजून उंबरठ्यावरच. वजन चार किलो कमी. माझं हिमोग्लोबिन 11.1. तुरीचा हंगाम सुरू झाला तसं यांचं यायला नऊ-साडेनऊ व्हायला लागलं. काही रात्री शतपावली चुकते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

परवा वीज गेली होती. गल्लीत चांदणं होतं, घरांत अंधार, म्हणून बाहेर जास्तच माणसं. धाकट्याला ताईनं नवीन काहीतरी सांगितलं होतं, तो ते आत्यांना समजावत चालला होता. "आज्जी, किती जोरात चालायचं माहीत आहे का? बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. मग बरोबर." आत्या हूं हूं करत होत्या. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण तू तर जात्यावर गाणं म्हणायचीस. मग तुला दमच लागत नव्हता?"

आत्या थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवले.

"लागायचा की रं. दम लागायचा म्हणूनच म्हणायचं. गाणं म्हणलं की दळण किती ऱ्हायलंय ते ध्यानात येत नसायचं."

"आता म्हण ना."

त्यांनी नाही-नाही म्हटलं आणि चालायला लागल्या. चार-पाच पावलांनी मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, शब्द कळत नव्हते. धाकटा त्यांच्या बाजूनं, काठीच्या ठेक्यावर पाय टाकत. लेक आणि हे मागं, आणि आमची चाल आपोआप त्यांच्या चालीवर आली. दुसरा खांब आला. रोज त्या तिथं वळतात. मी हात धरायला पुढं झाले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या तशाच गुणगुणत तिसऱ्या खांबाकडं निघाल्या होत्या.